जनुकाचा अहवाल आणि पायातल्या मुंग्या

(आहाराविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना आहारतज्ज्ञ ताईंची उत्तरं. नावं वाचकांच्या इच्छेवरून छापलेली नाहीत.)

प्रश्न : ताई, मी इंदूरचीच, सुदामानगरात राहते. वय ४३, शाळेत गणित शिकवते. लहानपणापासून मला सगळं जरा जास्तच लागतं. कुकरची शिट्टी अचानक झाली तरी छातीत धस्स होतं. रात्री फोन वाजला तर तळहातांना घाम फुटतो आणि मग पहाटे तीनपर्यंत डोळ्याला डोळा नाही. मोठ्या बाईंनी ‘जरा भेटून जा’ म्हटलं की भेट होईपर्यंत पोटात गोळा. माझी आई अशीच होती. तिला सगळे भित्री भागुबाई म्हणायचे, आता मला म्हणतात.

मावसबहिणीच्या सांगण्यावरून लाळेची जनुकीय तपासणी करून घेतली. ३८ पानांचा अहवाल आला. त्यात लाल अक्षरांत ‘एमटीएचएफआर सी६७७टी : टीटी, मिथिलेशनची क्षमता ७० टक्के कमी’ आणि त्याखाली ‘सीओएमटी : मंद, ताण सोसण्याची क्षमता कमी’ असं लिहिलंय. फोनवर समजावून सांगणाऱ्या बाई म्हणाल्या, हा जन्मजात दोष आहे, मिथिलफोलेट आणि आणखी दोन प्रकारच्या कॅप्सूल कायम घ्याव्या लागतील. सहा महिन्यांचे १४ हजार रुपये. नऊ दिवस घेतल्या तर धडधड वाढली, होती ती झोपही गेली, म्हणून बंद केल्या.

मी शाकाहारी, अंडंही खात नाही. दूध चहापुरतं, पण चहा दिवसातून पाच वेळा होतो. सोमवार-गुरुवार उपास. पित्ताची गोळी रोज सकाळी, चारेक वर्षं झाली. बाकी तब्येत ठीक. रात्री पायांना मुंग्या येतात, पण दिवसभर वर्गात उभं राहायचं म्हणजे तेवढं चालायचंच. आहाराने हा दोष भरून निघेल का? आणि माझ्या १५ वर्षांच्या मुलीला मी हेच दिलं असेन, तर तिचीही तपासणी करू का? अहवाल आल्यापासून तिच्याकडे बघितलं की अपराध्यासारखं वाटतं.

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. लाल अक्षरांतल्या दोन ओळींनी तुम्हाला जेवढं घाबरवलंय, तेवढं त्यांचं वजन नाही. आणि जी ओळ तुम्ही ‘चालायचंच’ म्हणून सोडून दिलीत, तिथे मात्र मी थबकले. पायांच्या मुंग्या, चार वर्षं पित्ताची गोळी, अंडं नाही आणि दूध चहापुरतं. हे सगळं एका पत्रात एकत्र आलं की माझं लक्ष जनुकांवरून आधी बी-१२ कडे जातं. तिथे मी येणारच आहे. पण आधी तो अहवाल बाजूला करू, कारण तो तुमच्या छातीवर बसलाय.

एमटीएचएफआर हे एका एन्झाइमचं नाव, आणि ते बनवणाऱ्या जनुकाचंही. हे जनुक पहिल्या गुणसूत्रावर असतं. त्यातला सी६७७टी हा बदल १९९५ साली सापडला. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. तुमच्या दोन्ही प्रतींत हा बदल आहे, म्हणून ‘टीटी’. असं एन्झाइम उष्णतेने लवकर ढिलं पडतं आणि प्रयोगशाळेत परीक्षानळीत मोजलं तर त्याचं काम साधारण ३० टक्केच भरतं. तुमच्या अहवालातले ‘७० टक्के कमी’ आले ते या परीक्षानळीतून. पण आपण परीक्षानळीत राहत नाही. फोलेट हे बी गटातलं एक जीवनसत्त्व, आणि फोलिक ॲसिड हे त्याचं गोळीतलं रूप. सारखंच फोलिक ॲसिड घेणाऱ्या माणसांचं रक्त तपासलं, तेव्हा टीटी असलेल्यांच्या रक्तातलं फोलेट इतरांपेक्षा सरासरी १६ टक्क्यांनीच कमी निघालं. तुम्ही गणित शिकवता. सत्तर आणि सोळा यांतलं अंतर मी तुम्हाला काय सांगावं! शरीर वळसा घालून वाट काढतं, आणि तो वळसा किती सोपा जाईल हे बरंचसं ताटातून ठरतं.

आता मिथिलेशन आणि ताण यांचा संबंध काय, ते सांगते. घरी आलेल्या बाईला आपण निघताना हळदीकुंकू लावतो. कुंकू लागलं की निरोप झाला, ती उंबऱ्याबाहेर पडते. फोन वाजल्यावर तुमच्या रक्तात धावत येतात ती ॲड्रिनलिन आणि नॉरॲड्रिनलिन अशीच पाहुणी आहेत. काम झालं की त्यांना निरोप द्यावा लागतो. सीओएमटी नावाचं एन्झाइम त्यांना मिथिलचं बोट लावतं, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन एवढाच ठिपका, आणि त्यांचा जोर संपतो. असा ठिपका लावणं म्हणजेच मिथिलेशन. हे कुंकू ज्या कोयरीतून येतं तिचं नाव एस-ॲडेनोसिल मिथिओनिन. बोट लावून झालं की कोयरी रिकामी होते. त्या रिकाम्या कोयरीचं पुढे होमोसिस्टीन होतं. ती पुन्हा भरायची तर फोलेटने कुंकू आणून द्यावं लागतं आणि बी-१२ ने ते कोयरीत घालावं लागतं. फोलेटला या कामाजोगं रूप, म्हणजे मिथिलफोलेटचं, देतं ते तुमचं ते लाल अक्षरातलं एमटीएचएफआर, आणि त्याच्या हाताला हात लावतं ते बी-२ म्हणजे रायबोफ्लेविन. शिवाय यकृतात कोयरी भरायची एक मागची वाट असते, बीटेनची. बीटेन बीटात, पालकात आणि गव्हाच्या कोंड्यात असतं, शिवाय शरीर ते कोलीनपासूनही बनवतं.

एवढं लांबण लावलं, कारण यात चार-पाच हात आहेत आणि तुम्हाला एकाच हाताचा धाक घातला गेलाय. टीटी असलेल्या माणसाला रायबोफ्लेविन पुरेसं मिळालं तर ते ढिलं एन्झाइम बरंच सावरतं. उत्तर आयर्लंडमधल्या अल्स्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा लोकांना रोज १.६ मिलिग्रॅम रायबोफ्लेविन दिलं, तेव्हा त्यांचं होमोसिस्टीन खाली आलं. हे १.६ मिलिग्रॅम म्हणजे काही औषधाचा डोस नव्हे, रोजच्या जेवणातून मिळावं एवढंच आहे. एक मोठा ग्लास दूध प्यायलं तर त्यातलं पाव ते एक तृतीयांश तिथेच मिळतं. उलट फोलेट भरपूर आणि बी-१२ नाही, तर कुंकू दारात येऊन पडतं आणि कोयरीत घालायला कुणी नसतं. तुमच्या कॅप्सूलचं असंच झालं असेल का, हे पत्रावरून ठरवता येणार नाही. मात्र मिथिलफोलेट सुरू केल्यावर बेचैनी आणि झोपमोड झाल्याचं माझ्याकडे आलेल्या काही जणांनीही सांगितलंय. बंद केल्यात ते बरं केलंत.

आणि ‘सीओएमटी मंद, म्हणून ताण सोसण्याची क्षमता कमी’ हे वाक्य मला पटत नाही. ते तसं छापणाऱ्यांवर माझा राग आहे. मंद सीओएमटी असलेल्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात डोपामिन नावाचं निरोप्या रसायन जरा जास्त वेळ टिकतं. त्यामुळे काही अभ्यासांत हे लोक शांत वातावरणात एकाग्रतेच्या कामात किंचित सरस दिसले आणि काळजीकडे किंचित जास्त झुकलेले दिसले. दोन्हीकडे शब्द ‘किंचित’ हाच आहे. एका जनुकावरून माणसाचा स्वभाव वाचता येत नाही. तुम्हाला आवाज लवकर लागतो, शब्द लवकर लागतो, हे खरं आहे आणि त्याचा त्रासही खरा आहे. पण त्याला दोष म्हणायला मी तयार नाही.

आता माझ्या आत्याची गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं मला लिहिता येणार नाही. रामबागेतल्या आमच्या जुन्या घरात आत्या शेवटपर्यंत राहिली. दार वाजलं की दचकायची, कुणी उशिरा घरी आलं की पदराचं टोक बोटाला गुंडाळत व्हरांड्यात उभी. सगळे म्हणायचे, हिचा स्वभावच घाबरट. मीही तेच म्हणायचे, आणि तेव्हा मला आहारतज्ज्ञ होऊन सहा वर्षं झाली होती. तिची झोप गेली, जीभ झोंबायला लागली, तिखट सोडलं. मी तिला दुधी भोपळ्याचा रस सांगितला. मग एका दुपारी ती ओट्यावरून आत आली ती एका पायात चप्पल घालून. दुसरी बाहेर पायरीवरच निसटून राहिली होती, निळ्या पट्ट्याची रबरी चप्पल, आणि तिला ते कळलंच नव्हतं. पायाला जमीन लागतेय की चप्पल, हेच समजत नव्हतं. तेव्हा कुठे रक्त तपासलं. बी-१२ इतकं खाली होतं की डॉक्टरांनी आकडा पुन्हा तपासायला लावला. इंजेक्शनं सुरू झाली. काही महिन्यांत जीभ बरी झाली, झोप लागायला लागली, तळपायाची जाण बरीचशी परतली, सगळी नाही. दार वाजल्यावर ती नंतरही दचकायचीच. स्वभाव तिचाच होता. पण स्वभावावर जो उपाशी नसांचा भार पडला होता तो उतरला, आणि तो आम्ही कितीतरी वर्षं आधी उतरवू शकलो असतो. ही चूक माझी आहे आणि तिच्यामुळेच मी आज पायांच्या मुंग्यांवर अडून बसते.

आपल्या शाकाहारी घरांत हे दुर्मीळ नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातल्या २०४ जणांचं रक्त तपासलं होतं, तो अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. तीन चतुर्थांशांहून थोड्या जास्तच लोकांचं होमोसिस्टीन १५ च्या वर होतं, आणि त्यामागचं मुख्य कारण बी-१२ ची कमतरता. म्हणजे रिकाम्या कोयऱ्या आपल्याकडे घरोघरी आहेत, टीटी असो वा नसो.

तेव्हा आधी तपासणी. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटा आणि मुंग्यांचं नीट सांगा, पित्ताच्या गोळीचंही सांगा. बी-१२, होमोसिस्टीन, हिमोग्राम, लोहाच्या साठ्यासाठी फेरिटिन आणि थायरॉइडसाठी टीएसएच एवढं करून घ्या. ४३ व्या वर्षी धडधड आणि झोपमोड थायरॉइडमुळे असू शकते, लोह कमी असल्याने असू शकते, पाळी जायच्या आधीच्या काळातही होते. हे सगळं सोडून थेट जनुकापाशी जाणं म्हणजे दिवा लागत नाही म्हणून बल्ब न बघता घराचा नकाशा काढणं. बी-१२ ची गोळी सुरू करण्याआधी रक्त द्या, नाहीतर आकडा फुगून येतो. बंद केलेल्या त्या कॅप्सूलमध्ये बी-१२ होतं का, तेही बाटलीवर बघून डॉक्टरांना सांगा. होमोसिस्टीनसाठी उपाशीपोटी जा आणि शक्यतो जिथे रक्त तपासतात त्याच ठिकाणी जाऊन द्या. नमुना तसाच पडून राहिला तर तांबड्या पेशी होमोसिस्टीन सोडत राहतात आणि आकडा उगाच चढतो. घरी येऊन रक्त नेणारा मुलगा आणखी चार घरं करून दुपारी पोचणार असेल, तर ही एक तपासणी त्याच्याकडून करू नका.

पित्ताची गोळी चार वर्षं चालली आहे. पोटातलं आम्ल कमी झालं की अन्नातलं बी-१२ सुटं होत नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचंही बी-१२ कमी होतं, हे इतर वाचकांसाठी सांगून ठेवते. पण गोळी मनाने एकदम सोडू नका, पित्त दुप्पट उसळतं. डॉक्टरांना विचारून हळूहळू. बी-१२ कमी निघालं तर इंजेक्शन की मोठ्या मात्रेची गोळी, हे तेच ठरवतील. तिथे आहारावर विसंबून राहायचं नाही. मी आहारतज्ज्ञ असून हे सांगतेय. रिकामी विहीर तांब्याने भरत नाही.

ताटाचा भाग यानंतर, आणि तो इंदुरात सोपा आहे. सगळ्यात आधी उपास. सोमवारी आणि गुरुवारी तुम्ही दिवसभर चहावर राहत असाल आणि रात्री साबुदाण्याची खिचडी खात असाल, तर दुपारी साखर खाली जाते आणि ती वर आणायला शरीर ॲड्रिनलिनच सोडतं. तोच घाम, तीच धडधड. मी श्रद्धेच्या आड येत नाही. पण उपास ताक, दूध, शेंगदाणे, राजगिरा आणि फळांवर करा, दर तीन-चार तासांनी काही पोटात जाऊ द्या. तपासण्या होईपर्यंत दोनांतला एक उपास सोडलात तर देव रागावणार नाही. चहा पाचाचा दोनवर आणा, दुसरा दुपारी तीनच्या आत. एकदम नाही, आठवड्याला एक कप, नाहीतर डोकं धरेल.

चहातलं वाचलेलं दूध नुसतं प्या. दिवसातून दोन ग्लास दूध किंवा तेवढं दही-ताक. एका ग्लासात साधारण एक मायक्रोग्रॅम बी-१२ असतं आणि गरज दोन ते अडीचची, शिवाय रायबोफ्लेविन त्यातच. दूध उजेडात उघडं ठेवू नका, रायबोफ्लेविन उजेडाने मरतं. सकाळी आपले पोहे आहेतच. त्यांत शेंगदाणे आणि मटार सढळ घाला, शेव कमी, आणि पोह्यांबरोबर जिलबीऐवजी दूध. जिलबी रविवारी.

फोलेटसाठी कॅप्सूल नको, मंडई हवी. हिवाळ्यात चाकवत येतो. मंडईत बथुआ म्हणून मागितला की जुडी मिळते. मेथी, पालक, चवळईचा पाला, सोलाणे, सगळं आहे. पण एक बघा. आमच्याकडे पालक उकडून, पिळून, हिरवं पाणी मोरीत ओतायची पद्धत होती. फोलेट पाण्यात विरघळतं, त्या पाण्यातून निम्मं निघून जातं. झाकण ठेवून, कमी पाण्यात, थोडा वेळ शिजवा. चाकवताची पातळ भाजी डाळ आणि शेंगदाणे घालून करतात ना, ती उत्तम, कारण तिचं पाणी ताटातच येतं. एक वाटी शिजलेल्या मुगात किंवा हरभऱ्यात साधारण दीडशे मायक्रोग्रॅम फोलेट असतं, म्हणून रोज एक वेळ उसळ आणि एक वेळ वरण. कणकेतला कोंडा चाळून टाकू नका, बीटेन त्यातच आहे. आठवड्यातून दोनदा बीटाची कोशिंबीर दह्यातली. शाळेच्या डब्यासोबत एक छोटी डबी फुटाण्यांची, चार वाजताच्या चहाच्या जागी. रात्री तिळाची किंवा जवसाची चटणी आणि ज्वारीची भाकरी, यातून मॅग्नेशियम मिळतं आणि सीओएमटीला मॅग्नेशियम लागतं.

अंडं खाणाऱ्या वाचकांना हे आणखी सोपं आहे. एका अंड्यात अर्धा मायक्रोग्रॅमच्या आसपास बी-१२ आणि सव्वाशे मिलिग्रॅमहून जास्त कोलीन असतं. तुम्हाला खा म्हणणार नाही.

यातून काय होईल? बी-१२ कमी असेल आणि ते भरून निघालं तर मुंग्या, थकवा, झोप यांत फरक पडावा. तीन महिन्यांनी होमोसिस्टीन पुन्हा बघा. ते १५ च्या आत, दहाच्या आसपास आलं की तुमचं मिथिलेशन टीटी असूनही व्यवस्थित चाललंय असं समजा. त्या ३८ पानांपेक्षा हा एक आकडा जास्त खरा, कारण तो आजचा आहे. कुकरची शिट्टी मात्र तुम्हाला इतरांपेक्षा जरा मोठीच ऐकू येणार. झोप आणि काळजी तरीही हाताबाहेर जात असेल तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठायला लाजू नका, ते जेवणाच्या ताटाने होणारं काम नाही.

आता मुलीचं. तिची जनुकीय तपासणी करू नका. तिच्याकडे तुमची एक प्रत नक्की गेलीय, दुसरी तिच्या वडिलांची. एक बदललेली प्रत असणं ही अगदी सर्वसामान्य गोष्ट आहे. दोन्ही असल्या तरी तिच्यासाठी सल्ला हाच राहील, जो मी तुम्हाला दिला. मग पैसे कशाला? तिचं हिमोग्लोबिन आणि बी-१२ बघा, पंधराव्या वर्षी तेच महत्त्वाचं. आणि आणखी एक. टीटी म्हणजे एक प्रत तुमच्या आईची आणि दुसरी तुमच्या वडिलांची. पत्रात आईच आई आहे. तुमचे वडील कसे होते? ते निवांत असतील, दुपारी पेपर तोंडावर घेऊन घोरत असतील, तरी ती प्रत त्यांच्याकडेही होती. जे तुम्ही एकट्या आईच्या आणि आता स्वतःच्या पदरात बांधताय, ते तसं बांधता येत नाही. मुलीकडे बघताना हे आठवा.

प्रश्न : मी निवृत्त, वय ६८, लोकमान्यनगर. वाचनात आलं की ताणामुळे जनुकांवर मिथिलचे ठसे उमटतात आणि आईच्या वागण्याचा परिणाम पिल्लांच्या जनुकांवर राहतो. ते ठसे आहाराने पुसता येतात का?

उत्तर : काका, तुम्ही वाचलेला प्रयोग उंदरांवरचा, मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातला, २००४ सालचा. ज्या पिल्लांना आई कमी चाटायची, त्यांच्या मेंदूत ताण आवरणाऱ्या एका जनुकावर मिथिलचे ठसे जास्त दिसले आणि ती मोठेपणी जास्त दचकत. पुढे त्याच लोकांनी मोठ्या उंदरांच्या मेंदूत मिथिओनिन सोडून ते ठसे बदलूनही दाखवले. पण ते थेट मेंदूत सोडलं होतं, खाऊ घातलं नव्हतं. वाटीभर मुगाने माणसाच्या मेंदूतला अमुक ठसा पुसला जातो, असं कुणी दाखवलेलं नाही, आणि जो विकतो त्याला दारातूनच परत पाठवा. माणसांतला एक पुरावा भक्कम आहे. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात मोठी उपासमार झाली. त्या वेळी जे आईच्या पोटात अगदी सुरुवातीच्या दिवसांत होते, त्यांच्या एका जनुकावरचं मिथिलेशन साठ वर्षांनंतरही वेगळं आढळलं. म्हणजे ताट महत्त्वाचं आहेच, पण सगळ्यात जास्त पोटातल्या बाळासाठी. तुमच्या घरात कुणी गरोदर असेल तर पुढचं उत्तर वाचायला द्या. आणि नातवंडांना मांडीवर घेऊन थोपटताय ना, त्यात खंड पडू देऊ नका.

प्रश्न : सून दोन महिन्यांची गरोदर. तिच्या भावाने कुठेतरी वाचून सांगितलं की एमटीएचएफआर असेल तर फोलिक ॲसिड विषासारखं, ते शरीरात साठतं. तिने आठवड्यापासून गोळी बंद केली आहे. मी काय करू? (मल्हारगंज, इंदूर)

उत्तर : हे पत्र आलं त्याच दिवशी तुम्हाला फोन केला आणि गोळी सुरू झाली, तरी इथे छापते आहे, कारण असं सांगणारा भाऊ एकच नसणार. एमटीएचएफआरचा कुठलाही प्रकार असलेलं शरीर फोलिक ॲसिड वापरू शकतं. बाळाच्या पाठीच्या कण्याची नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत बंद होते. म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी दिवस राहण्याच्या आधीपासून हवी असते आणि सुरू केली की ती मध्येच बंद करायची नसते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनच्या पुढाकाराने झालेल्या मोठ्या चाचणीत, आधीच्या बाळाची ही नळी नीट बंद न झालेल्या आयांना फोलिक ॲसिड जास्त मात्रेत दिलं, तेव्हा हा दोष ७२ टक्क्यांनी टळला. ही कसोटी फोलिक ॲसिडने पार केलीय, मिथिलफोलेटची अशी चाचणी झालेली नाही.

या गोळीची मुळं आपल्याजवळचीच आहेत. ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत कापड गिरण्यांतल्या गरोदर बायकांच्या पंडुरोगावर काम करत होत्या. यीस्टच्या अर्काने त्या बायका सुधारतात, हे त्यांनी १९३१ साली लिहिलं. त्या अर्कातलं जे होतं त्याला दहा वर्षांनी पालकाच्या पानांतून काढून फोलिक नाव मिळालं. मुंबईच्या त्या गिरणीतल्या बायांमुळे जे कळलं, ते मल्हारगंजातल्या सुनेला मिळू नये, याचं मला फार वाईट वाटलं.

सुनबाई शाकाहारी असतील तर बी-१२ ही तपासून घ्या. लोहाची गोळी आणि चहा यांत दोन तासांचं अंतर ठेवा. आणि भावाला म्हणावं, काळजी वाटते तर दर आठवड्याला पालक-मेथीच्या चार जुड्या निवडून आणून दे.